लाइनदोरी

बडोद्याच्या मराठी घरात वाढलेल्या माणसाला 'लाइन' हा शब्द इंग्रजी आहे याची मुद्दाम आठवण करून द्यावी लागते. आमच्या दांडिया बाजारात तो इतका मुरला आहे की भिंत-भिंतीत, विहीर-विहिरीत, तशी लाइन-लाइनीत. ती लाइन, त्या लाइनी, लाइनीवर, लाइनीला. शब्दाला घरच्या विभक्त्या लागल्या की तो घरचाच झाला असं मी मानते, मग त्याचं जन्मगाव कुठलंही असो.

'लाइन लागली' एवढे दोनच शब्द घ्या. रेशनच्या दुकानापुढे लाइन लागली म्हणजे माणसं एकामागे एक उभी राहिली. ट्रंक कॉलच्या काळात मुंबईची लाइन लागली म्हणजे पलीकडून आत्याचा आवाज आला आणि घरातले सगळे फोनभोवती गोळा झाले. आणि 'लागला बाई एकदाचा लाइनीला' असं मावशी म्हणाली, की मावसभावाला नोकरी लागली हे कळायचं. पहिल्यात माणसं थांबलेली, दुसऱ्यात आवाज धावलेला, तिसऱ्यात आयुष्य मार्गी लागलेलं. ऐकणाऱ्याला क्षणभरही घोटाळा होत नाही. बडोद्यात मुलाची चौकशीसुद्धा 'कुठल्या लाइनीत आहे?' अशीच होते. १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, तिच्या आसपास खतांचे, रसायनांचे कारखाने उभे राहिले, आणि 'केमिकल लाइन' हे उत्तर आमच्याकडे कितीतरी स्थळांच्या चौकशीत पुरेसं ठरलं.

इंग्रजीत या शब्दाचा पसारा याहून कितीतरी मोठा आहे. कवितेची ओळ, तळहातावरची रेषा, चेहऱ्यावरची सुरकुती, कपडे वाळत घालायची दोरी, मासे धरायची दोरी, घराण्याचा वंश, नाटकातल्या पात्राच्या तोंडचं वाक्य, सैन्याची फळी, एका कंपनीचा माल, पक्षाची भूमिका, सगळं 'लाइन'. इतकं ओझं एका शब्दाने कसं पेललं हे पाहायला त्याच्या मुळाशी गेलं, की हाताला लागतं जवसाचं झाड. लॅटिनमध्ये जवसाला 'लिनुम' म्हणत. त्याच्या खोडातून जो धागा निघतो, त्याची दोरी ती 'लिनेआ'. तीच पुढे लाइन झाली. लिनन हे कापड त्याच घरातलं. कोटाच्या आतल्या अस्तराला लायनिंग म्हणतात तेही त्यामुळेच, कारण आतून लिननचं कापड लावत. जवसाच्या तेलापासून जमिनीवर अंथरायचं लिनोलियम झालं. आपण भाकरीबरोबर ज्याची चटणी खातो, त्या जवसाच्या धाग्याला हे सारं लोंबकळलेलं आहे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, आणि अजूनही होतो.

धागा ताणला की तो सरळ होतो. सरळ झाला की त्याच्याकडे पाहून दुसरं काही सरळ करता येतं. दोन टोकांना बांधला की जोडतो, मध्ये धरला की वेगळं करतो. लाइनचे सगळे अर्थ एवढ्यातूनच निघाले आहेत. आणि ही वाट काही इंग्रजीनेच काढली असं नाही. संस्कृतात सूत्र म्हणजे धागा, आणि सूत्र म्हणजे नियमही. सूत्र धरणारा सूत्रधार, त्याच्यापासून आपला सुतार. सुताराच्या मोजमापातही 'सूत' आहेच, इंचाचा आठवा भाग. म्हणजे लाइनीची सगळी सामग्री आपल्याकडे आधीपासून होती.

मग आपण हा शब्द घेतला कशासाठी? घेतला तर त्याच्या पन्नास अर्थांपैकी नेमके कुठले घेतले? या प्रश्नाने मला बरीच वर्षं धरून ठेवलं आहे.

कवितेच्या ओळीला कुणी लाइन म्हटलं तर मला खटकतं, पण तसं फारसं कुणी म्हणतही नाही. हातावर भाग्यरेषाच असते. केसांतली लाइन म्हणजे भांग. मुंग्यांची रांग. कपडे वलणीवर. घराण्याचा वंश. पाटीवर रेघ, आणि वह्या एकरेघी, दुरेघी, चौरेघी. दारात रांगोळी. आमच्याकडे उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, अख्खं शहर गच्चीवर असतं. इंग्रज पतंगाच्या धाग्याला लाइन म्हणेल, पण बडोद्यात मराठी, गुजराती कुणालाही विचारा, ती दोरीच, नाहीतर मांजा. फिरकी धरणारा 'ढील दे' म्हणून ओरडतो तेव्हा त्याच्या हातात लाइन आहे असं त्याच्या स्वप्नातही येत नाही.

आता उलट बाजू पाहा. रेल्वे लाइन, पोलीस लाइन, तारेची लाइन, टेलिफोनची लाइन, पाण्याची लाइन, ड्रेनेज लाइन, विजेची लाइन आणि तिच्यावर चढणारा लाइनमन, गॅसची लाइन, तिकिटाची लाइन. जे सरकारने घातलं, कंपनीने टाकलं, दुसऱ्या कुणीतरी आपल्या दारापर्यंत आणलं किंवा ज्याच्यासाठी आपल्याला त्यांच्या दारात उभं राहावं लागलं, तिथे लाइन. जे आपण आपल्या हातांनी काढलं, ओढलं, विणलं, वाढलं, तिथे आपले जुने शब्द जिथल्या तिथे आहेत. ही वाटणी कुणी बसून केली नाही. दीडशे वर्षांत लाखो तोंडांनी ती आपोआप केली, आणि मला ती अतिशय अचूक वाटते.

बडोद्यात या वाटणीची सुरुवात कुठून झाली असेल हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या काळात डभोई ते मियागाम अशी रेल्वे झाली. भारतातली ही पहिली नॅरो गेज लाइन, दोन रुळांत जेमतेम अडीच फुटांचं अंतर. मियागाम बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) या रेल्वे कंपनीच्या मोठ्या लाइनीवर, डभोई आत. या रुळांवरून सुरुवातीला डबे ओढले ते बैलांनी. रूळ हलके होते, इंजिनाचं वजन त्यांना पेलेना. नवे, दणकट रूळ घालून इंजिनं नियमित धावू लागली ती १८८० च्या सुमारास. मधली वर्षं लाइन विलायती आणि जनावर गावचं, असा तो प्रवास चालला. मला हे चित्र फार मोलाचं वाटतं. बैलगाडीच्या चाकोरीला 'चाकोरी' हा शब्द होता. तेच बैल लोखंडावरून चालू लागले तेव्हा त्या वाटेसाठी नवा शब्द हवा होता, कारण ही वाट बैलाने किंवा गाडीवानाने पाडलेली नव्हती. ती आधी कागदावर ठरली होती. बैलाला तिच्यावरून इकडे-तिकडे होण्याची सोय नव्हती.

पुढे डभोईहून चहूकडे फाटे फुटले, आणि ते नॅरो गेजचं फार मोठं जंक्शन झालं. आज त्याच डभोईवरून ब्रॉड गेज एकतानगरला, म्हणजे पूर्वीच्या केवडियाला, जाते, २०२१ पासून. दरम्यान लालबागेतल्या प्रतापविलास राजवाड्यात १९५२ मध्ये रेल्वे स्टाफ कॉलेज आलं, आणि देशभरचे रेल्वे अधिकारी बडोद्यात शिकून जाऊ लागले. रेल्वेची भाषा या शहरात अशी सगळीकडून झिरपली.

आमच्या घरात ती काकांमुळे आली. ते स्टेशनमास्तर होते, आणि त्यांच्या तोंडी कायम 'लाइन क्लियर' असे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनाला विचारतो, वाट मोकळी आहे का. तिकडून होकार आला, म्हणजे लाइन क्लियर मिळालं, की यंत्रातून टोकन निघे. एक टोकन बाहेर असताना दुसरं निघतच नसे, अशी यंत्राची रचना. ते टोकन वेताच्या मोठ्या कड्याला लावलेल्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यायचं. न थांबणारी गाडी असली तर कडं उंच धरून उभं राहायचं, आणि ड्रायव्हर किंवा त्याचा मदतनीस धावत्या इंजिनातून हात घालून ते खांद्यावर अडकवून नेई. काका हे सांगताना उजवा हात वर धरून दाखवत. हात जरा वाकडा धरला तर कड्याचा फटका बसतो, ताठ धरायचा, म्हणत. घरात कुणाचं लग्न ठरत असलं की ते काकूला विचारायचे, "तिकडून लाइन क्लियर आली का?" काकू म्हणायची, "अजून विचारलंच नाही हो!" त्यांच्या विचारण्यात मला एक मोठं शहाणपण वाटत आलं आहे. आपली गाडी सोडण्याआधी पलीकडच्याला विचारायचं, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत हलायचं नाही.

पाण्याचं तसंच. सयाजीराव महाराजांनी आजव्याला तलाव बांधवला आणि तिथून नुसत्या उताराच्या जोरावर पाणी शहरात आणलं. शहराच्या पूर्व भागात अजून 'आजव्याची लाइन' म्हणतात. नदीला, ओढ्याला कुणी लाइन म्हणत नाही, कालव्यालाही नाही. पाणी लोखंडी नळात शिरून दिसेनासं झालं, वेळापत्रकाने येऊ लागलं, की त्याची लाइन होते.

लग्नातलं जेवण मात्र माझ्या जिवाला लागलेली गोष्ट आहे. पंगतीत माणूस बसतो आणि अन्न त्याच्यापर्यंत येतं. वाढणारा वाकतो, 'घ्या हो, एक घास' म्हणतो, नाही म्हटलं तरी श्रीखंड पडतंच. बुफेच्या लाइनीत अन्न जागेवर असतं आणि माणूस ताटली घेऊन त्याच्याकडे जातो. दोन्हीकडे माणसं एका ओळीतच आहेत, तरी पंगतीला कुणी लाइन म्हणालं नाही आणि बुफेच्या लाइनीला पंगत म्हणावंसं कुणाला वाटलं नाही. मला पंगत हवी आहे. ज्या घरी ती अजून बसते तिथे मी मुद्दाम जाते, आणि वाढायलाही उभी राहते.

कागदावरच्या आणि कल्पनेतल्या लाइनींना आपण 'रेषा' म्हणतो, हे आणखी एक बारीक तारतम्य. १९१४ ची मॅकमहोन रेषा, १९४७ ची रॅडक्लिफ रेषा, १९७२ च्या सिमला करारानंतरची नियंत्रण रेषा, दारिद्र्यरेषा. यांतली कुठलीच जमिनीवर हाताने चाचपता येत नाही, पण माणसाचं घर कुठल्या देशात जायचं, धान्य कुठल्या भावाने मिळायचं हे त्यांच्यावर ठरतं. लक्ष्मणरेषेच्या कुळातल्या म्हणून त्या रेषा राहिल्या असाव्यात. एकच अपवाद सरसकट आपल्या बोलण्यात आला आहे, डेडलाइन. हा शब्द रूढ झाला तो अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या तुरुंगांतून. १८६४ मध्ये जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती, ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. हे वाचल्यापासून मी कामाच्या बाबतीत 'मुदत' म्हणते.

क्रिकेटशिवाय बडोद्यात लाइनीची गोष्ट पुरी होत नाही. मोतीबागेच्या मैदानावर सकाळी नेट लागतात, आणि कोच पोरांना 'लाइन पकड, लाइन' म्हणून सांगत असतात. रेडिओवर मराठी समालोचक 'दिशा आणि टप्पा' म्हणत, आणि किती छान म्हणत. खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा आहेतच, पण गोलंदाजाची लाइन त्यांत नसते. ती चेंडूपुरती हवेत असते आणि चेंडूबरोबर संपते. १९४७ च्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, याच शहरात, विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. ती कुठल्याही विकेटसाठीची सर्वात मोठी भागीदारी म्हणून २००६ पर्यंत टिकली. समोर इंदूरचा होळकर संघ होता. म्हणजे मराठी संस्थानांच्याच दोन संघांतला सामना. त्या डावात होळकरांच्या गोलंदाजांनी कुठकुठल्या लाइनी धरून पाहिल्या असतील हा विचार मोतीबागेवरून जाताना नेहमी मनात येतो.

शब्द ठरवून घडवता येतात का, याचा मोठा प्रयत्नही इथेच झाला. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' नावाचा कोश काढवला. राज्यकारभारातला इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगालीत काय म्हणतात ते शेजारी शेजारी मांडायचं, आणि मग वापरायचा शब्द निवडायचा. इतक्या भाषांना एका ओळीत बसवून विचारणं हे मला आजही विलक्षण वाटतं. बडोद्यात कायद्याला 'निबंध' म्हणत. शब्द सुरेख होता, कायद्याचं बांधणं त्यात होतं, पण संस्थान गेलं आणि तो अर्थही गेला. लाइनीला कुठल्या राजाने आश्रय दिला नव्हता, तरी ती राहिली. मला कल्पतरूबद्दल अपार आदर आहे, आणि तरीही सांगते, कचेरीत निवडलेला शब्द आणि नळाच्या रांगेत निवडलेला शब्द यांत नळाच्या रांगेतला जास्त जगतो.

आणि दोन्ही बाजूंचे शब्द एकत्र नांदताना पाहायचे असतील तर गवंड्याची पिशवी उघडायला सांगावी. तिच्यात थापी, ओळंबा, गुण्या यांच्याबरोबर एक सुताची गुंडी असते, तिचं नाव लाइनदोरी. लाइन म्हणजे मुळात दोरीच, त्यामुळे एकच अर्थ दोनदा आला आहे, पण गवंड्याच्या कामात त्या दोन गोष्टी आहेत. आमच्या मागच्या अंगणाची भिंत नव्याने बांधली तेव्हा मिस्त्रीकाका खानदेशातले होते. भिंतीच्या दोन्ही टोकांना त्यांनी आधी विटा रचून कोपरे उभे केले, ओळंबा सोडून ते तपासले, मग एका कोपऱ्याच्या सांध्यात खिळा खोचून दोरी बांधली आणि दुसऱ्या टोकाला ओढून घेतली. बोटाने टिचकी मारली. दोरी थरथरली, थांबली, पुन्हा ओढली. तिच्यात झोल असला तर अख्खा थर झोल घेतो. मग मधल्या विटा. प्रत्येक वीट दोरीच्या अगदी जवळ, पण तिला न शिवता. मी विचारलं, चिकटूनच ठेवली तर जास्त सरळ नाही का येणार? काका म्हणाले, "ताई, एक वीट दोरीला टेकली की दोरी बाहेर सरकते. मग पुढची तिच्या मापाने बाहेर, तिच्या पुढची अजून बाहेर. म्हणून फट ठेवायची, उजेड दिसला पाहिजे." थर पुरा झाल्यावर त्यांनी एक डोळा मिटून टोकाकडून पाहिलं आणि मधल्या एका विटेला थापीच्या मुठीने ठोका दिला. "अर्धं सूत होती." इंचाचा सोळावा भाग. मला तो दिसलाही नव्हता.

हाच शब्द महापालिकेतही आहे, आणि तिथे त्याची दोरी कुणाच्या हातात नसते. गुजरातभर रस्त्याच्या आखीव हद्दीला लाइनदोरी म्हणतात. १९४९ च्या महापालिका कायद्यात रस्त्याची नियमित लाइन ठरवण्याची तरतूद आहे. ती आधी नकाशावर आखली जाते. तिच्या पुढे आलेलं घर पाडून नव्याने बांधायला काढलं की दर्शनी बाजू मागे घ्यावी लागते. म्हणून आमच्या जुन्या शहरात रस्त्याची कड दातेरी दिसते. नवं घर मागे, शेजारचं जुनं पुढे, त्यापुढचं पुन्हा मागे. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाज्यांना जोडणारे, मांडवीला एकमेकांना छेदणारे रस्ते मुळात सरळच आहेत. वाकडेपणा आहे तो पोळांमधून, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या जुन्या वस्त्यांमधून, जिथे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ओटल्यांवर बसून दुपारी गहू निवडले, पोरांना दामटून परवचा म्हणवून घेतला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून चहा पाजला. रुंद रस्ता हवा, आगीचा बंब आत यायला हवा, हे मला पटतं. तरी ओटला जाऊ नये असंही मला मनापासून वाटतं, कारण बसायला जागाच उरली नाही तर कुणी थांबणार नाही.

पोळात कुणाचा घर बांधायचा नकाशा मंजुरीला गेला की संध्याकाळी शेजारी जमतात, आणि मराठी-गुजराती मिसळून एकच प्रश्न फिरतो, "लाइनदोरीत तुमचं किती जातं?" कुणी दीड फूट म्हणतं, कुणी पायरीपुरतं. मग एखाद्या आजी विचारतात, पायरी गेली तर तुळस कुठे ठेवायची, आणि त्यावर बोलणं सुरू होतं.